झोळी

आमच्या घरात एक शब्द चालत नसे. शिवी नव्हे, अगदी साधा शब्द. पण आजोबांसमोर तो उच्चारायची कुणाची छाती नव्हती. तो शब्द म्हणजे झोळी. बाजाराला जाताना आई पिशवी घेई. धाकट्या भावासाठी तिने तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती, तिलासुद्धा आम्ही झोकाच म्हणायचे.

आजोबांच्या या रागामागे एक जुनी जखम होती. आम्ही मूळचे नगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिकडे १८३१ पासून चाललेले. १८९९-१९०० च्या त्या भयंकर दुष्काळात माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. आजोबा शपथेवर सांगत की, पणजोबा त्याआधी तीन वर्षे उपासनेला जाऊन मागे बसत होते. बसतही असतील. पण साल नेमके दुष्काळाचे निघाले आणि गावाने आपला हिशेब करून टाकला : यांनी ज्वारीसाठी धर्म सोडला. हा टोमणा पणजोबांनी ऐकला, आजोबांनी ऐकला, आणि शाळेत असताना एकदा मीही ऐकला. तेव्हा आजोबांनी ठरवून टाकले होते की, या घरातला माणूस कुणापुढे हात पसरणार नाही. द्यायचे, घ्यायचे नाही.

पुढे आजोबा रेल्वेत लागून कर्जतला आले. वडीलही रेल्वेतच. कर्जतला पुण्याकडे जाणारी गाडी थांबली, की प्रवासी वड्यासाठी खाली उतरतात. त्यांना वाटते, गाडी वड्यासाठीच थांबली आहे. ती थांबते मागून एंजिने लावण्यासाठी. भोर घाटाचा चढ सदतिसाला एक. एकट्या पुढच्या एंजिनाच्या आवाक्यातला नव्हे. मागची एंजिने, ज्यांना आम्ही बँकर म्हणतो, गाडीला घाट चढवून देतात, लोणावळ्याला सुटी होतात आणि रिकामी खाली येतात. वडिलांचा जन्म त्या बँकरवर गेला. आपण लावलेला जोर डब्यातल्या माणसाला कळतसुद्धा नाही, याचे त्यांना फार सुख होते. आम्ही ढकलणाऱ्यांच्या घराण्यातले. आपली गाडी कधी घाटाखाली अडेल, ही शंका आमच्यापैकी कुणाला आली नाही.

मी मास्तर झालो, चार-पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि ख्रिस्ती माणसाने करावी ती सेवा आपल्या परीने करीत राहिलो. नेरळच्या वरच्या अंगाला, माथेरानच्या डोंगराच्या पोटाशी ठाकरांच्या वाड्या आहेत. काही वाड्यांना अजून धड रस्ता नाही. वह्या, गोळ्या-औषधे, थंडीत घोंगड्या असे काहीबाही घेऊन मी महिन्या-दोन महिन्यांनी वर जाई. दहा-बारा घरांची आमची मंडळी. त्यात माझे कौतुक होई. खोटे कशाला बोलू, ते कौतुक मला आवडे.

२०२० च्या टाळेबंदीत फार्महाउसे बंद पडली आणि तिथे माळीकाम करणारे ठाकर घरी बसले. त्यांतल्या एकाला मी दोन हजार रुपये दिले होते. दिवाळीनंतर तो घरी आला. काखेत कोंबडा, डोक्यावर नव्या तांदळाचे बोचके. पैसे जमले नाहीत म्हणून हे आणले, असे म्हणाला. मी मोठ्या मनाने हसलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अरे, राहू दे. तुझ्या पोरांना घाल. मी काय परत घेण्यासाठी दिले होते?" तो दारात उगाच थोडा वेळ उभा राहिला. मग कोंबडा दुसऱ्या काखेत घेऊन निघून गेला. त्यानंतर वाडीत गेलो, की तो समोर येईनासा झाला. मला वाईट वाटले, आणि मनाच्या तळाशी असेही वाटले की, माणसे उपकार विसरतात. बायकोजवळ तसे बोललोही. ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "उपकार विसरला नाही म्हणून तर आला होता," एवढेच म्हणाली. मला तेव्हा ते कळले नाही.

२०२२ च्या जुलैमधला एक रविवार. उपासना आटोपून वह्यांचे गाठोडे घेऊन वर गेलो होतो. वाडीच्या अलीकडे एका कातळावरून शेवाळात पाय सटकला आणि घोट्यात कट्‌कन आवाज झाला. ओरडलो. कुणीतरी धावत आले, आणि दोघांनी उचलून मला पहिल्या घरात नेऊन ओसरीवर ठेवले. पाय चिखलाने आणि रक्ताने माखलेला. त्या घरातली म्हातारी चुलीवरचे ऊन पाणी घेऊन आली, खाली बसली आणि तिने माझा पाय मांडीवर घेतला. तिच्या मांडीवर! मी पाय ओढून घेतला. "आजी, असू द्या. मी धुतो माझा मी."

"कसा धुशील? वाकता येतंय का तुला?" ती म्हणाली. "गप पडून ऱ्हा."

आणि तिने एक पाय धुतला. मग दुसराही धुतला, जो मोडलेला नव्हता.

सोळा वर्षे मी रविवारच्या शाळेत मुलांना ती गोष्ट सांगत आलो होतो : शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. ही गोष्ट मी नेहमी धुणाऱ्याच्या बाजूने सांगितली. प्रभूची केवढी ही नम्रता, तुम्हीही असेच व्हा, असा शेवट करायचा आणि घंटा द्यायची. पण त्या गोष्टीत पेत्रही आहे. तो पाय धुऊ देत नाही. प्रभूने माझे पाय धुणे मला चालायचे नाही, असे साफ सांगतो. मी मुलांना ते पेत्राचे प्रेम म्हणून समजावीत असे. त्या ओसरीवर, पाय म्हातारीच्या मांडीवर असताना, मला पेत्र पहिल्यांदा समजला. प्रेम होतेच, पण आपण खाली कुणाच्या तरी हाती सापडलो आहोत ही लाजही होती. आणि प्रभू त्याला सवलत देत नाही. धुऊ दिले नाहीस तर माझा-तुझा संबंध उरत नाही, अशा अर्थाचे कडक उत्तर देतो. इतके कडक का, हे मी कधी मुलांना सांगितले नव्हते. मलाच ठाऊक नव्हते.

मग त्यांनी बांबूला चादर बांधली आणि मला तीत घातले. चादरीच्या त्या खोळीला तिकडे काय म्हणतात, ते वाचकाने ओळखले असेलच. खाली उतरायला दीड तास लागला. चौघे खांदा देत, चौघे मागून येत आणि मधून खांदेपालट होई. पाऊस तोंडावर पडत होता आणि मला तो पुसताही येत नव्हता, कारण दोन्ही हातांनी मी बांबू धरला होता. ओढ्याला पाणी होते. पुढचा गडी कमरेइतका आत उतरला आणि मला त्याने डोक्याच्या उंचीवर धरले. तेव्हा मी त्याला ओळखले. तो कोंबडेवाला होता.

खाली रस्त्याला लागल्यावर मी खिशातून पाचशेची ओली नोट काढली. "चहा घ्या सगळ्यांनी." कुणी हात पुढे केला नाही. त्यांच्यातला एक वयस्क म्हणाला, "मास्तर, तुम्ही आणता तवा आम्ही काय देतो का तुम्हाला?" बोलण्यात राग नव्हता. नोट मी पुन्हा खिशात घातली. ती घालताना जी शरम वाटली, तशी आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. माझे वजन चांगले आणि बायको अंगाने लहान. मला उठवून न्हाणीपर्यंत नेणे तिच्या ताकदीबाहेरचे होते. तिसऱ्या दिवशी तो गडी दारात उभा. आमच्या घराच्या वाटेवरच एका फार्महाउसवर त्याचे काम पुन्हा सुरू झाले होते. ओट्यावर त्याने पळसाच्या पानांत बांधलेली कंटोली ठेवली आणि मी तोंड उघडण्याच्या आत बायकोने ती उचलून आत नेली. मग तो सरळ माझ्या खाटेशी आला. पंधरा दिवस, सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना, त्याने मला धरून नेले-आणले. जिथे माणसाला लाज असते तिथेही. पहिले दोन दिवस मी डोळे मिटून घेत असे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मास्तर, डोळे उघडा, न्हाईतर पडाल." हसूच आले. त्यानंतर आम्ही बोलू लागलो. त्या पंधरा दिवसांत मला त्याच्या मुलांची नावे कळली. दोन वर्षांपूर्वी पैसे देताना ती विचारायचे राहून गेले होते.

पडल्या पडल्या 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली. आमच्या घरात ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या बायबलाशेजारी असते. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण सोवळे तसेच होते. कुणाच्या हातचे पाणी घ्यावे आणि कुणाच्या हातचे नाही, याची झुंज चालूच होती. आजपर्यंत मी ते वाचताना मनातून जरा हसत असे. आपल्याला बुवा असे काही सोवळे नाही! या खेपेस हसलो नाही. पाणी मी कुणाच्याही हातचे पीत होतो, हे खरे. पण उपकार मात्र कुणाच्याही हातचा चालत नव्हता. आम्हा ख्रिस्ती लोकांत सेवेवर प्रवचने पुष्कळ होतात. सेवा करून कशी घ्यावी यावर एखादे झाले असल्यास मला ते ऐकल्याचे आठवत नाही. खुद्द प्रभूने शोमरोनी बाईशी बोलणे काढले ते विहिरीवर पाणी मागून. पण तिथेही आम्ही पुढचा जिवंत पाण्याचा भाग तेवढा घोकतो आणि तो दमून बसला होता, तहानलेला होता, त्याच्याकडे पोहरा नव्हता, हे सोडून देतो.

पुढच्याच वर्षी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. चौकवरून जाता-येता तो नेढ्याचा सुळका मी शेकडो वेळा पाहिला असेन. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, तेव्हा माणसांनी फावड्या-घमेल्यांनी माती उपसली. त्या रात्री मदतीसाठी चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी हृदयविकाराने गेला. सत्तावीस मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा सत्तावन्न माणसे मातीतच राहिली होती. ती सारी ठाकरांची वस्ती होती.

माझा घोटा चढाचा राहिला नव्हता. मंडळीत कपड्यांची गाठोडी बांधणे सुरू झाले आणि सवयीने मला पुढारपण देऊ केले. मी गाठोडी पोचवली, आणि तिथे उभा राहून काय करावे ते न कळल्यासारखा उभा राहिलो. काही दिवसांनी वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरच्या वसाहतीत ठेवले, तेव्हा पुन्हा गेलो. या वेळी हातात काही नव्हते. एका बाईला सरळ विचारले, "बाई, मला लिहिता येते, बाकी फारसे काही येत नाही. काही काम आहे का?" ती विचार करून म्हणाली, "कागद गेले सगळे."

आधारकार्डे, रेशनकार्डे, पोरांचे शाळेचे दाखले, सगळे दरडीखाली. अर्ज करायचे होते, कितीतरी. त्या आठवड्यात मी जेवढा मजकूर लिहिला तेवढा कादंबरी लिहितानाही कधी लिहिला नसेल. 'वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की' या वाक्याला माझ्या कुठल्याही वाक्याइतके वजन आहे, हे तिथे कळले. मृतांची नावे लिहिताना एक आजोबा प्रत्येक नावानंतर थांबत, आणि मी पेन उचलून वाट बघे. घाई करायची नाही, एवढे तरी शिकलो होतो. पुढे सिडकोने त्या कुटुंबांसाठी चौकजवळच चव्वेचाळीस घरे बांधली. त्याच्या फार आधीची ही गोष्ट.

शेवटच्या दिवशी त्या बाईने चहा केला. दोनच पेले होते, स्टीलचे, कुणीतरी मदतीत दिलेले. एकावर किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती. दूध नव्हते. साखर कुठून आणली असेल, हा हिशेब मनात सुरू होणार होता. तो मी होऊ दिला नाही. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मी पितो की नाही ते बघू लागली.

"गोड झाला का जास्ती, मास्तर?"

झाला होता. मी म्हटले, "चांगला झालाय. अजून अर्धा पेला असेल, तर घाला."