गुरूची परीक्षा

शिष्यांच्या परीक्षा आम्हीं चौतीस वर्षें घेतल्या. त्यांचें ओझें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. गुरूची परीक्षा घेण्याचा प्रसंग मात्र एकदांच आला, आणि तींत आम्ही स्वतःच नापास झालों. ही गोष्ट आम्हीं बरींच वर्षें घरांतही कोणास सांगितली नव्हती. ती पुन्हां वर येण्यास निमित्त झाला तो बेसबॉल नांवाचा परदेशी खेळ, याचें वाचकांस नवल वाटेल.

२०२४ च्या जून महिन्यांत आम्ही सहकुटुंब अमेरिकेंत टेक्सास राज्यांत चिरंजीवांकडे होतों. आमच्या बारा वर्षांच्या नातवास या खेळाचें भारी वेड. खेळ आपल्या चेंडूफळीचाच दूरचा भाऊबंद. फळी मात्र मुसळासारखी गोल, आणि धांव काढावयाची ती चौकोनाच्या चारही कोपऱ्यांस फेरी घालून. तेथील विद्यापीठांच्या संघांची अखेरची स्पर्धा ओमाहा शहरीं भरते. त्या वर्षीं टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा संघ अंतिम फेरींत पोहोंचला, आणि २४ जून रोजीं निर्णायक तिसऱ्या सामन्यांत टेनेसीकडून ६-५ असा अवघ्या एका धांवेनें हरला. नातवाच्या डोळ्यांस पाणी आलें. परंतु खरा धक्का पुढेंच होता. सामन्यानंतर एका वार्ताहरानें संघाचे मुख्य शिक्षक जिम श्लॉसनेगल यांस, आपण दुसरीकडे जाणार काय, असें विचारिलें. ते संतापले, आणि पुन्हां दुसरी नोकरी धरावी लागूं नये म्हणूनच आपण ही पत्करली, अशा अर्थाचें बोलले. दोन दिवस उलटले नाहींत तोंच ते ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाचे, म्हणजे शेजारच्या हाडवैऱ्याचे, मुख्य शिक्षक झाले!

आतां रिकाम्या जागेवर कोणास आणावें? घरांत चार दिवस दुसरा विषय नव्हता. चिरंजीवांचें म्हणणें, ज्यानें अधिक सामने जिंकले तो आणावा. आम्हीं विचारिलें, कोणतीं मुलें हातीं घेऊन जिंकले? त्या काळीं प्रत्येक संघास ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्यांचे तुकडे करून दोन-अडीच डझन मुलांत वांटावे लागत. ज्या विद्यापीठाचें नांव मोठें, तेथें तुकड्यावरही उत्तम मुलगा येतो. लहान ठिकाणच्या शिक्षकास उरलेल्यांतून संघ घडवावा लागतो. तेव्हां केवळ विजयांचा आंकडा पाहणें म्हणजे जमीन काळी कीं मुरमाड हें न विचारतां पिकावरून शेतकऱ्याची पारख करणें होय. शिवाय खेळाडूंस विद्यापीठ बदलण्याची मोकळीक असल्यामुळें शिक्षक गेला कीं मुलेंही उठूं लागतात. म्हणून निवड करणारांस विचार करावयास फारशी सवड नसते.

अखेर त्या विद्यापीठानें फलंदाजी शिकविणारे सहायक मायकेल अर्ली यांसच गादीवर बसविलें. बरेच चांगले खेळाडू तेथेंच राहिले. नातवास हर्ष झाला. आमच्या मनांतील जुनी खपली मात्र निघाली.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत क्रीडाशिक्षकाची जागा भरावयाची होती. निवडसमितींत आम्ही तिघे. खरा प्रश्न दोन उमेदवारांचा होता. एक पदवीधर, राज्य पातळीवर खेळलेला, प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल, बोलणें सफाईदार. दुसरा चार वर्षें आमच्याच शाळेंत तुटपुंज्या मानधनावर खोखो शिकवीत होता. त्यास मुलाखतींत दोन वाक्यें धड सलग बोलतां आलीं नाहींत. तुमचें वैशिष्ट्य काय, असें विचारतां "संध्याकाळ झाली तरी मुलं घरी जायला मागत नाहीत, एवढंच," असें कांहींसें तो पुटपुटला. व्हरांड्यांत त्याचीं आठ-दहा मुलें उभीं होतीं. शिपायानें त्यांस दोनदां हुसकलें, तरी तीं परत आलीं. आम्हीं तीं खिडकींतून पाहिलीं, आणि तरीही पहिल्याच्या नांवापुढें खूण केली. खरें सांगावयाचें तर आम्ही स्वतः केवळ मॅट्रिक. पदवीचा दरारा आमच्यावर इतरांहून अधिक.

पहिला गृहस्थ दीड वर्षांत शहरांतील मोठ्या शाळेंत गेला. त्यांत त्याचा दोष नाहीं. दुसरा तोंवर एका कारखान्यांत कारकुनी करूं लागला होता. पुढें एकदां तो एस. टी. स्थानकावर भेटला, वांकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "गुरुजी, मैदानावर मुलं येतात का अजून?" मैदानांत तेव्हां गुडघाभर गवत होतें. आम्हीं "हो" म्हटलें. तें असत्य अद्याप टोंचतें.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद लागतो, आणि त्यांची पारख शिष्येच्या प्रयोगावरून करावी असें ठरतें. पुढें गणदासाची शिष्या मालविका नृत्य करिते, राजास जें पाहावयाचें तें पाहून होतें, आणि हरदत्ताची पाळी येते तोंच दुपार झाल्याची ललकारी होऊन सभा उठते. पूर्वीं या जागीं आम्ही हंसत असूं. त्या मुलाखतीनंतर हंसूं येईनासें झालें. व्हरांड्यांतील मुलांची पाळी आम्हींही येऊं दिली नव्हती.

वाचक म्हणतील, सहायकास निवडून त्या विद्यापीठानें आमची चूक टाळली आणि यश मिळविलें. तसें घडलें नाहीं. २०२५ च्या हंगामापूर्वीं देशांत पहिल्या क्रमांकाचा गणलेला त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांतही बसला नाहीं. उलट श्लॉसनेगल यांच्या टेक्सासनें पहिल्याच वर्षीं आपल्या साखळींत अजिंक्यपद पटकाविलें. मात्र राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यांत, घरच्या मैदानावर, तोही संघ गारद झाला. एका वर्षाच्या फळावरून निवड जोखूं नये. याच खेळांत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डेडो १९४२ पासून १९८६ पर्यंत शिक्षक होते. स्वतःचा मालवाहतुकीचा धंदा असल्यामुळें ते वर्षाला एक डॉलर एवढेंच नाममात्र वेतन घेत. त्यांच्या संघानें ११ अजिंक्यपदें मिळविलीं; परंतु त्यांतील पहिलें आलें तें १९४८ सालीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येक शाळांच्या समित्यांवर असतील. त्यांस एवढीच विनंती कीं, उमेदवाराची फाईल मिटून त्यास अर्धा तास मैदानावर न्यावें, सर्वांत कच्चें मूल त्याच्या हातीं द्यावें, आणि दूर उभें राहून पाहावें. व्हरांड्यांत कोणी उभें असल्यास त्यासही आंत बोलवावें.

२०२५ चे निकाल लागल्यावर नातवानें दूरध्वनीवरून विचारिलें, "आजोबा, मग चुकलं कोणाचं?" आम्हीं त्यास आमचीच गोष्ट प्रथमच सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "त्या सरांना खरं सांगा ना, मैदानावर गवत होतं म्हणून."

ते सर सध्यां कोठें असतात, याची चौकशी आम्हीं चालविली आहे.