रंगांचें माप

आपल्या मराठी बायकांनीं रंगांना जीं नांवें देऊन ठेविलीं आहेत, त्यांतील चातुर्याकडे पुरुषांचें सहसा लक्ष जात नाहीं. अबोली, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, मोरपंखी, पारवा. प्रत्येक नांवाच्या पाठीशीं एक वस्तु उभी आहे. वाद झालाच, तर स्वयंपाकघरांत जाऊन डाळिंब फोडावें, किंवा परसांतून अबोलीचें फूल आणून पदरावर ठेवावें, कीं निकाल लागला. हल्लीं आपण रंगांना नांवांऐवजीं आंकडे देऊं लागलों आहों. आंकडा नांवाहून नेमका दिसतो खरा. पण त्याच्या पाठीशीं वस्तु उभी नसते. ती मुद्दाम उभी करावी लागते. छायाचित्रें सुधारण्याच्या फोटोशॉपसारख्या साधनांत हें काम ज्या व्यवस्थेनें होतें, तिला ‘कलर प्रोफाइल’ म्हणतात. आमच्या कुटुंबाशीं तिचा परिचय एका पैठणीनें करून दिला.

पैठणी माझ्या आईची. १९७४ सालीं माझ्या मुंजींत ती नेसली होती, आणि त्या दिवसाचें एक रंगीत छायाचित्र घरांत राहिलें आहे. पुढें पैठणी विरली, तिच्या जरीचे पैसे झाले, आईही गेली. यंदा माझ्या पुतणीचें लग्न ठरलें, आणि आजीच्या पैठणीच्याच रंगाची पैठणी येवल्याहून विणून आणावयाची, असा हट्ट तिनें धरला. हट्ट गोड होता. मीं छायाचित्र स्कॅन केलें आणि सर्वांना धाडलें. ठाण्याच्या भावाला पैठणी वांगी रंगाची दिसली. नागपूरच्या बहिणीला आमसुली. न्यू जर्सींतल्या भाच्याला तर ती राखेंत घोळल्यासारखी निस्तेज वाटली. आठ दिवस कुटुंबांत दुसरा विषय नव्हता. प्रत्येकजण ‘प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें’ असें सांगत होता, आणि मौज ही, कीं कोणीच खोटें बोलत नव्हता.

संगणकांतील चित्र म्हणजे लहान ठिपक्यांची रांगोळी. सामान्यतः प्रत्येक ठिपक्याला तीन आंकडे असतात : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंत. म्हणजे एकंदर १,६७,७७,२१६ जुळण्या झाल्या. ‘लाल ९६, हिरवा ४०, निळा ११०’ असें लिहिलें, म्हणजे रंग सांगून झाला, असें आपणांस वाटतें. पण लाल म्हणजे कोणता लाल? या काचेवरचा, कीं त्या काचेवरचा? आपल्या आजोबांच्या काळीं कच्चा शेर निराळा आणि पक्का शेर निराळा होता, आणि गांवागणिक शेराचें वजनही बदले. ‘दहा शेर तूप’ असें नुसतें लिहून दिल्यानें व्यवहार पुरा होत नसे. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं आणि ती कटकट मिटली. रंगांच्या आंकड्यांना मात्र अद्यापि सांगावें लागतें, कीं हे शेर कोणते. चित्राच्या फाईलला जोडलेलें प्रोफाइल म्हणजे नेमकी हीच चिठ्ठी होय.

या चिठ्ठ्यांची एक टांकसाळ असावी, म्हणून मोठमोठे संगणक आणि छायाचित्रण-व्यवसायी १९९३ सालीं एकत्र आले आणि त्यांनीं ‘इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम’ ही संस्था स्थापिली. १९९६ मध्यें ‘एसआरजीबी’ हें माप पुढें आलें आणि १९९९ मध्यें तें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें. घरगुती पडद्यांसाठीं तेंच रूढ आहे. १९९८ चें ‘अॅडोबी आरजीबी’ हें माप त्याहून ऐसपैस, विशेषतः हिरव्या बाजूस. परंतु या सर्वांच्या बुडाशीं एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत राइट आणि गिल्ड या दोघांनीं स्वतंत्रपणें माणसांना बसवून, दिलेल्या रंगाशीं जुळेल असें तीन दिव्यांचें मिश्रण करावयास लाविलें. एकाकडे दहा माणसें होतीं, दुसऱ्याकडे सात. या सतरा जणांच्या डोळ्यांवरून १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगानें ‘प्रमाण डोळा’ ठरविला. आज जगांतील कोट्यवधि पडद्यांचीं मापें त्या सतरा जोड डोळ्यांशीं जाऊन पोंचतात. यंत्राचें गणित कितीहि लांब गेलें, तरी त्याचें मूळ माणसानें ‘हो, जुळलें’ असें म्हणण्यांतच आहे.

आतां आमच्या कज्जाकडे वळतों. माझ्या चित्राला ‘अॅडोबी आरजीबी’ ची चिठ्ठी होती. भाच्याकडे जातांना निरोप पोंचविणाऱ्या एका साधनानें वाटेंत ती गाळून टाकली. त्याच्या दूरध्वनीनें तेच आंकडे एसआरजीबीच्या मापानें वाचले. मोठ्या शेरांत मोजलेलें लहान शेरांत समजलें गेलें, रंग उतरला. ठाण्याच्या पुतण्याची तऱ्हा वेगळी. त्यानें आपल्या मॉनिटरचें प्रोफाइल घेतलें आणि तेंच चित्राला चिकटवून दिलें. ‘माझ्या पडद्यावर तर आतां छान दिसतें,’ असें त्याचें म्हणणें. पुष्कळ हुशार मुलांची येथें गल्लत होते. मॉनिटरचें प्रोफाइल हा त्या एका पडद्याच्या चष्म्याचा नंबर आहे. तो पडद्यापाशींच राहावा; संगणकाला तो माहीत असला म्हणजे पुरे. चित्राचें प्रोफाइल हें मजकुराचें माप आहे. तें चित्राबरोबर गांवोगांव हिंडावें. आपल्या चष्म्याचा नंबर कोणी पोथीवर छापून देत नाहीं.

त्याच साधनांत शेजारींशेजारीं दोन आज्ञा असतात, आणि त्यांतील भेद ध्यानांत न आल्यामुळें घरोघर चित्रें बिघडतात. एक ‘असाइन’, दुसरी ‘कन्व्हर्ट’. पहिलींत आंकडे तसेच राहतात, फक्त चिठ्ठी बदलते. दहा कच्च्या शेरांवर ‘पक्के’ असा शिक्का मारावा, तसें. माल होता तेवढाच, पण कागदावर भलताच होतो. दुसरींत चिठ्ठी बदलते आणि हिशेब करून आंकडेही बदलतात. माल तोच राहतो. ज्या चित्राची चिठ्ठी हरवली आहे आणि मूळ माप आपणांस ठाऊक आहे, त्याला पहिली आज्ञा. बाकी सर्वत्र दुसरी.

मग आम्हीं रीतसर काम केलें. मॉनिटर अर्धा तास तापूं दिला, खिडकीचा पडदा ओढला, आणि रंग मोजण्याचें लहानसें उपकरण काचेवर टेकविलें. पांढरा ६५०० केल्व्हिनचा, गॅमा २·२, तेज चौरस मीटरला १२० कॅन्डेला, असें ठरवून पडद्याचें प्रोफाइल तयार केलें. चित्र एसआरजीबींत नीट बदलून, चिठ्ठी आंत बसवून, पुन्हा सर्वांना पाठविलें. या खेपेस निरोपांतून नव्हे, तर मूळ फाईल म्हणून. दुसऱ्या दिवशीं तिन्ही गांवांहून एकच उत्तर आलें : आमसुली. बहीण जिंकली, आणि घरांत शांतता झाली.

शांतता झाली, पण पुतणीचें काम झालें नव्हतें. सर्वांना एकच दिसूं लागलें, हें खरें. तथापि सर्वांना दिसत होता तो कागदाचा रंग, पैठणीचा नव्हे. त्या काळच्या रंगीत छायाचित्रांतील निळसर द्रव्य इतरांच्या आधीं मरतें, आणि चित्र तांबूस होत जातें. आंकडे कसे वाचावे, एवढेंच प्रोफाइल सांगतें. पन्नास वर्षांत काय उडून गेलें, तें त्याला ठाऊक नसतें. तें ठाऊक असणारें घरांत एकच माणूस उरलें आहे : आमच्या थोरल्या काकू. वय चौऱ्यांशीं. मुंजीच्या पहाटे आईच्या निऱ्या त्यांनींच काढून दिल्या होत्या.

काकूंना मॉनिटरपुढें बसविलें. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनीं एकदां उजवा डोळा मिटला, एकदां डावा, आणि म्हणाल्या, “अरे, दोन डोळ्यांना दोन लुगडीं दिसताहेत. मी सांगूं तरी कोणत्या डोळ्याचें?” काकूंच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, डाव्याची व्हावयाची आहे. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळें पडतें आणि निळा प्रकाश अडवितें. डावा डोळा त्या पिवळ्या कांचेतून पाहत होता. उजव्यांत नवें, स्वच्छ भिंग होतें. १९७४ सालीं काकू तेहतीस वर्षांच्या होत्या, आणि तेव्हांचें त्यांचें भिंगही स्वच्छच असणार. म्हणजे त्या तरुण डोळ्याच्या अधिक जवळचा डोळा उजवाच. मीं हें सांगतांच त्यांनीं डाव्या डोळ्यावर पदर धरला आणि म्हणाल्या, “हं, चालूं दे.”

मीं चित्रांतील लालाचें माप थोडें थोडें कमी करीत गेलों. कापडावरची तांबूस झांक हळूहळू मागें सरली. “अजून... अजून... अरे, फार झालें, थोडा मागें ये.” आणि एका ठिकाणीं त्या बोलावयाच्याच थांबल्या. कांहीं वेळानें म्हणाल्या, “हीच रे. जांभळाची. पिकल्या, पावसांत भिजलेल्या जांभळाची. तुझी आई नको म्हणत होती. मीच म्हटलें, नेस.” पुढें आम्हीं दोघेंही कांहीं बोललों नाहीं.

येवल्याच्या विणकराला मीं चित्र पाठविलें नाहीं; त्याच्या पडद्याचा नंबर मला कोठें ठाऊक? त्यानें रंगविलेल्या रेशमाच्या पांच लडी पाठविल्या. दिवसाच्या उजेडांत, खिडकीशीं, डाव्या डोळ्यावर पदर धरून काकूंनीं त्यांतली एक उचलली. पडद्यावरील रंगाहून ती किंचित् गडद होती. पण काकूंनीं ती हातांतून खालीं ठेविली नाहीं, म्हणून तीच नक्की झाली.

सुधारलेलें चित्र आतां घरच्या संग्रहांत आहे. त्याला त्याचें प्रोफाइल जोडलेलें आहे, आणि सोबतच्या टिपणांत तीन गोष्टी लिहून ठेविल्या आहेत : रंगाचे आंकडे, ते कोणत्या मापाचे, आणि काकूंचें नांव घालून, ‘पिकल्या जांभळाचा’. पुढच्या पिढीचे पडदे कसे असतील कोण जाणे. पहिल्या दोहोंवरून यंत्राला वाट सांपडेल. यंत्र चुकलेंच, तर तिसरीवरून आषाढांत बाजारांत जाऊन पाहतां येईल.