स्थळांची वही

आमच्या घराण्याचा सापाशी संबंध वर्षातून एकदाच, नागपंचमीला, आणि तोही पाटावर गंधाने काढलेल्या नागापुरता. त्यामुळे ताईचा मुलगा टेक्सासमध्ये अजगरांची पैदास करतो, हे मला आधी कळले तेव्हा चार महिने मी ते तिच्यापासून लपवून ठेवले.

गेल्या वर्षी त्याच्याकडे जाण्याचा योग आला. त्याचे अजगर म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले बॉल पायथन. लांबी चार फुटांच्या आसपास, आणि स्वभाव इतका भित्रा की जरा खुट्ट झाले की डोके आत घेऊन चेंडू होऊन बसतात. मूळचा रंग काळा-तपकिरी. पण 1992 साली बॉब क्लार्क नावाच्या अमेरिकन गृहस्थाने पांढऱ्या-पिवळ्या अल्बिनोंची पैदास करून दाखवली आणि शौकिनांना रंगांचे वेडच लागले.

भाच्याने वही उघडली. नर, मादी, आजा, पणजी, रंग. सारे रकाने आखलेले.

"मामा, हा नर दिसायला साधा, पण अल्बिनोचा गुण त्याच्यात दडलेला आहे. तशीच मादी मिळाली, की चार पिल्लांत सरासरी एक पिवळं."

मेंडेलने 1866 साली वाटाण्यांविषयी छापले, तेच हे गणित.

"अरे, ही तर स्थळांची वही!" मी म्हणालो. तो हसला. मलाही हसू आले, पण ते फार टिकले नाही. ताईसाठी वडिलांनी अशीच वही केली होती. माझे अक्षर बरे, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे. ताई सावळी, रंगाच्या रकान्यात मी 'निमगोरी' लिहीत असे. तरी पाच ठिकाणांहून नकार आले.

मग त्याने एक अजगर माझ्या हाती दिला. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. म्हणून नाव 'स्पायडर'. सगळ्यांत देखणा तोच. पण त्याची मान स्थिर राहीना. डोके डुलत डुलत उलटेच होई.

"जाळी आणि ही मान बरोबरच येतात," भाचा म्हणाला. "2022 साली अभ्यासकांना या जातीच्या आतल्या कानाची ठेवणच बिघडलेली आढळली. साध्या मादीशी जोडी लावली, तरी निम्मी पिल्लं अशीच व्हायची."

"मग?"

त्याने वही पुढे केली. त्या नावावर आडवी रेघ मारलेली होती.

"हा माझ्याकडेच राहील. पण याची जोडी लावणार नाही."

परत आल्यावर ताईला सगळे सांगितले. ती शेंगा सोलत होती.

"बरं केलं खोडलं ते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या अक्षरात 'निमगोरी' मात्र छान दिसायचं हं."