चित्राखालचं नाव

माझा मावसभाऊ मुंबईला चित्रकला शिकतो. तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच त्याच्या मार्कांवर यायला नको. दोन दिवसांत पुणं बघून वीस स्केचेस करून आणायची असं काम त्याला मिळालं होतं, म्हणून शुक्रवारी रात्री तो दापोडीला आमच्याकडं उतरला. खिशात सरांनी दिलेली यादी. शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, केळकर म्युझियम, आगाखान पॅलेस. यादी वाईट नव्हती. पण गंज पेठेत फुल्यांचा वाडा आहे हे यादी करणाऱ्याला ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून तिथं चित्र काढण्यासारखं काय आहे असं वाटलं असावं. दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं ते तुम्हीच ठरवा.

सकाळी मी रात्रपाळी करून आलो, अंगावर पाणी घेतलं आणि तसाच त्याच्याबरोबर निघालो. दापोडीचं मेट्रो स्टेशन ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. तिथल्या फलाटावर उभं राहिलं की आपली वस्ती वरून दिसते. पत्रे, पत्र्यांवर ठेवलेले दगड, निळं प्लास्टिक, काळ्या टाक्या, मधेच पंचशील झेंडा, पलीकडं मुळा नदी. मला वाटलं पोरगं लगेच वही काढेल. त्यानं काढली नाही.

म्हणलं, "हे नाही काढायचं?"

"नाही दादा. वर्गात सगळे मला हेच सांगतात. तुझी वस्ती काढ, तुझं दुःख काढ, ते खरं वाटेल. बाकीची पोरं घोडे काढतात, फुलं काढतात, नुसत्या रेघा ओढतात. त्यांना कुणी म्हणत नाही, तुझ्या सोसायटीचं दुःख काढ."

हे मला टोचलं आणि पटलंही. कवितेत शिवी, झोपडी आणि शिळी भाकर नसली तर ती आपली कविताच नाही, असं म्हणणारे आपण पाहिलेत. त्यात बाहेरचे आहेत तसे आपलेही आहेत. ओरड तरी आमच्या ठरल्या सुरात ओरड, असं हे झालं. वस्ती काढायची की नाही ते त्या पोरानं ठरवायचं. दुसऱ्यानं बोट दाखवलं म्हणून नाही, आणि मी दाखवलं म्हणूनही नाही. शिवाय वरून बघितलं तर नुसते पत्रेच दिसतात. पत्र्याखालचा माणूस दिसत नाही. मी गप्प बसलो.

कसबा पेठेला उतरलो. शनिवारवाड्यासमोर तो मांडी घालून बसला. बाजीरावानं हा वाडा बांधला, १७३२ मध्ये राहायला आला. १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं, तटबंदी आणि दरवाजे राहिले. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीनं धडक देऊ नये म्हणून टोकदार खिळे आहेत. ऊन तिरपं होतं, प्रत्येक खिळ्याची सावली वेगळी पडलेली. त्या सावल्या त्यानं अशा काढल्या की मी झोप विसरलो. हात चांगलाय पोराचा.

काढून झाल्यावर मी त्याला मुक्ताचं सांगितलं. मुक्ता साळवे, मांगाची पोर, चौदा वर्षांची, फुल्यांच्या शाळेतली. १८५५ मध्ये तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत तालीमखान्यासमोरून आपला माणूस गेला तर त्याचं मुंडकं उडवून तलवारीनं चेंडूसारखं खेळत, हे तिनं त्यात लिहून ठेवलंय. तेही ह्याच पुण्यात बसून. त्यानं ऐकलं, वहीकडं बघितलं. मला वाटलं पान फाडेल. फाडलं नाही. म्हणाला, "खिळे तर लोहारानंच केले ना दादा. त्याच्या कामाला मी का नावं ठेवू?"

ह्या वाक्यावर मी मंडईपर्यंत विचार करत चाललो.

वाटेत भिडे वाड्याची जागा लागली. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये इथं मुलींची शाळा काढली. किती वर्षं कोर्टकज्जात गेली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारक करायचं म्हणून तो मोडकळीला आलेला वाडा पाडला. समोर दगडूशेठ गणपतीची रांग, हारांच्या टोपल्या. एवढी माणसं रोज तिथं उभी राहतात, पाठ कुणाकडं आहे ते बघत नाहीत. भावानं रांगेतल्या माणसांच्या पाठी काढल्या. एवढंच.

मंडईची तर गंमतच आहे. ही इमारत १८८६ मधली, तेव्हाचं नाव रे मार्केट. जोतिराव नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी ह्या खर्चाला विरोध केला होता, पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आता तिचंच नाव महात्मा फुले मंडई. विरोध करणाऱ्याला गप्प करायचा हाही एक मार्ग आहे, त्याचं नाव पाटीवर टाकायचं.

फुलेवाड्यात आम्ही सगळ्यात जास्त बसलो. १८६८ मध्ये जोतिरावांनी घरचा हौद आपल्या लोकांना खुला केला तो ह्या घराचा. चवदार तळ्याच्या एकोणसाठ वर्षं आधी. एक बाई दोन पोरींना घेऊन आली होती, पोरी अंगणात पळत होत्या, बाई समाधीपुढं उभी राहून मोठ्यानं पाटी वाचत होती, अक्षर लावत लावत. भावानं तिला तीन वेळा काढलं. यादीतला विश्रामबागवाडा राहिला. केळकर म्युझियम राहिलं. आगाखान पॅलेसही राहिला.

रात्री घरी वही बघितली. अकरा पानं भरलेली. प्रत्येक पानाखाली तारीख, जागा आणि एकच अक्षर. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, पुढं टिंब. आईनं विचारलं, "बाळा, ही कुणाची सही? बापाचं नाव कुठाय?" तो हसला. म्हणाला, "मावशी, आर्टिस्ट लोकांची सही अशीच असते."

आई झोपल्यावर खरं सांगितलं. पहिल्या वर्षी भिंतीवर सगळ्यांची चित्रं लावली होती, खाली पूर्ण नाव. दोघंतिघं त्याच्या चित्रापुढं थांबले, चांगलंय म्हणाले, मग खाली वाकून आडनाव वाचलं. एक जण म्हणाला, "अच्छा, कोट्यातलं." चित्र तेच, भिंत तीच. त्या दिवसापासून एक अक्षर.

मी काही बोललो नाही. सकाळी लवकर उठवलं आणि त्याला लोणावळा लोकलमध्ये घातलं.

मळवलीला उतरलं की एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. आम्ही कार्ल्याला गेलो. रविवार असल्यानं एकवीरेची गर्दी होती. गुलाल, कोंबड्या, बँड. देवीचं देऊळ लेणीच्या तोंडाशीच आहे, त्यातून वाट काढत आत शिरलो. आत शिरल्यावर आवाज मागं पडला. हा चैत्य दोन हजार वर्षांपूर्वीचा. लांबी साधारण १२४ फूट, उंची ४५ फुटांच्या आसपास, सगळा एका कातळात. छताला लाकडी फासळ्या आहेत. कातळाला लाकडाच्या टेकूची गरज नसते, पण लाकूडकामाची सवय सुटली नव्हती म्हणून लावल्या, आणि त्या अजून आहेत. स्तूपावरची लाकडी छत्रीही आहे. भाऊ खाली पडून, पाठीवर झोपून, फासळ्या काढत होता. लोक त्याला ओलांडून जात होते.

मी त्याला उठवून दाराशी नेलं. इथं ब्राह्मी लिपीत, प्राकृतात लेख आहेत. मला ब्राह्मी येत नाही, पण अर्थ पुस्तकात वाचलेला. धेनुकाकटाचा वढकी, म्हणजे सुतार, नाव सामी, बापाचं नाव वेणुवास, त्यानं हे दार केलं. वैजयंतीच्या भूतपाल शेठचा लेख आहे तसा ह्या सुताराचाही आहे. आतल्या खांबांवर यवनांची दानं आहेत. दारात गंध विकणाऱ्याचं नाव आहे. शेठ आणि सुतार एकाच कातळावर. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, सगळं उघड. काल दिल्ली दरवाज्यापाशी आम्ही तासभर होतो, तिथं कुणा लोहाराचं नाव कोरलेलं दिसलं नाही.

भावानं ती अक्षरं वहीत उतरवली. न वाचता, नुसती बघून. बराच वेळ लागला.

परतीच्या लोकलमध्ये आमचं वाजलं. मी म्हणालो, आता घाल पूर्ण नाव. तो भडकला. "दादा, तुझी कविता आपल्याच अंकात येते. वाचणारे आपलेच. तिथं नाव घालायला छाती लागत नाही. माझ्या त्या भिंतीसमोर उभा राहून बघ."

मी म्हणालो, "मिलमध्ये हजेरीवर माझं पूर्ण नाव असतं. मुकादम वाचतो, वॉचमन वाचतो, डबा खायला शेजारी बसायचं की नाही तेही त्यावरनं ठरतं. मला एका अक्षरामागं लपायची सोयच नाही. तुला आहे."

"आणि तू काढलेल्या मालावर?"

"मालावर कंपनीचा शिक्का."

"मग?" म्हणाला तो, आणि खिडकीकडं तोंड केलं.

देहूरोडला उतरलो. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी इथल्या विहारात स्वतःच्या हातानं बुद्धमूर्ती बसवली. नागपूरच्या दीक्षेआधी जवळजवळ दोन वर्षं. पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच, हे मतही त्यांनी इथंच मांडलं, तुकोबाच्या देहूच्या शेजारी उभं राहून. भावानं मूर्ती काढली नाही. बाहेर चपला सांभाळणारा म्हातारा काढला. म्हाताऱ्यानं चित्र बघितलं आणि विचारलं, "पोरा, कुणाचा तू? कुठला?" त्यानं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. तिथं सांगितलं.

वीस पानं भरली आणि सोमवारच्या पहाटेच्या गाडीनं तो गेला. कार्ल्याच्या फासळ्यांचं पान मी ह्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी मागितलंय. नावासकट दे, नाहीतर देऊ नको, असं कळवलंय. संपादक म्हणतात, अट कशाला घालता, चित्र चांगलं असेल तर एका अक्षरावर छापू. मी म्हणतो, नाही. अंक छपाईला जायला आठ दिवस आहेत. त्याचा अजून निरोप नाही.