शिवकल्याण राजा : म्हसळ्याच्या कानांनी

'शिवकल्याण राजा' ही ध्वनिमुद्रिका १९७४ साली, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली तेव्हा निघाली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, प्रमुख स्वर लता मंगेशकरांचा, निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. रामदास आणि भूषण हे शिवकालातले कवी; गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज, शंकर वैद्य विसाव्या शतकातले. काळाचे एवढे अंतर आणि मराठी-ब्रज अशा दोन भाषा निवेदनामुळे एका बैठकीत नांदतात. आज मोबाइलवर गाणी सुटी ऐकली जातात, निवेदन गळून पडते आणि सर तुटून मणी तेवढे हाती येतात.

भूषणाच्या छंदात उपमांचा मारा आहे. चालीने तो वेग राखला, तरी अक्षर कुठे पुसट होऊ दिलेले नाही. रामदासांच्या ओळींना चाल बेताने लावली आहे. शब्दांचे वजन तीत तसेच राहते.

मात्र ध्वनिमुद्रिकेचा खरा जीव या गौरवगीतांत नाही, कुसुमाग्रजांच्या दोन कवितांत आहे. 'सरणार कधी रण' ही बाजीप्रभूंची कविता, 'वेडात मराठे वीर दौडले सात' प्रतापराव गुजरांची. बाजीप्रभू १६६० साली पडले. प्रतापराव फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला, राज्याभिषेक अवघ्या साडेतीन महिन्यांवर असताना. सोहळ्यासाठी काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत सर्वांत खोल सूर लागला तो ज्यांनी सोहळा पाहिलाच नाही त्यांच्यासाठी.

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्यात हा सूर अधिक जवळचा वाटावा असा आहे. हे गाव राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाशी, तर खाडीच्या मुखाशी जंजिरा. शिवरायांनी वारंवार प्रयत्न करूनही तो किल्ला हाती आला नाही, आणि म्हसळा १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानातच राहिला. अशा मुलखात विजयाच्या गाण्यापेक्षा न संपलेल्या लढाईचे गाणे जास्त पटते.

किनाऱ्याला जवळची गाणीही हृदयनाथांनी दिली: शांता शेळके यांच्या शब्दांवर त्यांनी 'मी डोलकर' आणि 'वादळवारं सुटलं गो' अशी कोळीगीतेही बांधली. तिथे ठेका नाचायला लावतो; या ध्वनिमुद्रिकेत तो कूच करायला लावतो. शिवगीतांतले समूहस्वर मात्र आजच्या कानाला थोडे दणदणीत वाटतात, आणि एकट्या स्वराची गाणी त्यामुळेच अधिक टिकाऊ ठरतात. ही ध्वनिमुद्रिका निवेदनासह, सलग ऐकावी. सुट्या गाण्यांत शौर्य ऐकू येते, त्याची किंमत सलग ऐकल्यावरच कळते.