तळातल्या ओळी

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर झोप येत नाही. कळव्याहून देवी वाजतगाजत आली की पुढचे नऊ दिवस खालचा रस्ता आमचा राहत नाही. गॅलरीतून पाहावं तर नुसती डोकी, आणि रोषणाईचा लाल-हिरवा उजेड थेट मधल्या खोलीच्या भिंतीवर. अशाच एका नवरात्रात, रात्री साडेअकराला, खिडक्या लावून मी आणि अप्पांनी ‘पॅरासाइट’ पाहिला. संवाद ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि आले असते तरी कोरियन आम्हां दोघांना सारखंच अनोळखी. मी तळातल्या इंग्रजी ओळी वाचायचे आणि अप्पांना मराठीत सांगायचे.

या सिनेमांची ओढ मला जुनी आहे. सुधीर नांदगावकर आणि किरण शांताराम यांच्या पुढाकाराने 2002 साली मुंबईत थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव सुरू झाला. त्यात मी लोकलने जाऊन-येऊन जपान, कोरिया, तैवानचे सिनेमे पाहिले. शेवटची गाडी चुकेल म्हणून एक-दोन अर्धेच सोडले, त्याची हळहळ अजून आहे. पण घरी, अप्पांच्या शेजारी बसून पाहायला लागले तेव्हा आपण इतकी वर्षं बरंचसं वाचतच होतो, हे लक्षात आलं.

अप्पा 34 वर्षं वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते. माणसाला ते हातांवरून ओळखतात. ‘पॅरासाइट’मध्ये अर्ध्या तळघरात राहणारं ते कुटुंब पिझ्झाची खोकी दुमडत बसतं, तेव्हा मी काहीतरी सांगायला गेले तर म्हणाले, “थांब गं, बघू दे. घडी चुकवतायत ते.” आणि खरोखरच पुढे त्यांच्या खोक्यांवरून बोलणी बसतात. ओळी वाचण्याच्या नादात मला त्या घड्या दिसल्याच नव्हत्या.

2020 च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब स्वीकारताना दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी या ओळींना एक इंच उंचीची आडकाठी म्हटलं होतं. ती ओलांडा, कितीतरी सिनेमे भेटतील, असं त्यांचं सांगणं. ते मला पटतं. त्या ओळी लिहिणाऱ्यांचे कष्टही मी जाणते. दोन तऱ्हांच्या इन्स्टंट नूडल्स एकत्र करून केलेल्या ‘जापागुरी’ला इंग्रजीत काय म्हणावं, यासाठी अनुवादक डार्सी पॅकेट यांनी रामेन आणि उडोन जोडून ‘राम-डॉन’ असा नवाच शब्द घडवला. पण ती आडकाठी ओलांडली की पलीकडे आणखी एक अंगण आहे, असं मला वाटतं. म्हणून आता आवडलेला सिनेमा दुसऱ्यांदा पाहताना मी तळातल्या ओळी बंद करते.

तेव्हा ‘पॅरासाइट’मधला नट सोंग कांग-हो दिसतो.

पुराच्या रात्रीनंतरची सकाळ. रात्रभर गटाराच्या पाण्यात घर बुडालेलं, अंगावर कुणाचे तरी कपडे, आणि हा मालकिणीची गाडी चालवतोय. मागच्या सीटवर ती फोनवर हसत पार्टीची आमंत्रणं करते आहे. बोलता बोलता ती नाकाशी हात नेते, काच खाली करते. सोंग काही बोलत नाही. हळूच स्वतःचाच वास घेतो. मग नजर पुन्हा रस्त्यावर. तेवढ्यात त्या माणसाच्या आत काहीतरी कायमचं तुटतं. ते तुटताना या नटाने भुवईसुद्धा वाजवीपेक्षा जास्त हलवलेली नाही.

हा प्रसंग पाहताना मला 2005 ची 26 जुलै आठवते. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. कळव्याला मावशीचं घर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही तिच्याकडे गेलो. गाद्या फेकल्या, भांडी दोन-दोनदा घासली, साड्या धुवून वाळवल्या. तरी दिवाळीत ती आमच्याकडे आली तेव्हा पदराला तो वास होता. कुणी काही बोललं नाही. पण मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसली, आत आलीच नाही. कोरियातल्या एका नटाला तिचं ते दाराशी बसणं कसं ठाऊक?

‘परफेक्ट डेज’वर माझा राग आहे तो इथेच. कोजी याकुशोबद्दल मला आदर आहे. 2023 ला कान महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. शेवटी गाडी चालवताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू आळीपाळीने येत राहतं, ते मी कितीदा पाहिलं असेल. पण टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या माणसाच्या या सिनेमात घाणीला वास नाही. आमच्या नाक्यावर पहाटे खराट्याचा आवाज येतो. झाडणाऱ्या बाईलाही त्याच्यासारखं मान वर करून झाडातलं ऊन पाहायला वेळ मिळावा, असं मला मनापासून वाटतं. पण ते ऊन दाखवायचं तर आधी तिच्या हातातलं दाखवावं लागेल. दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी ते टाळलं, हे मी माफ करू शकत नाही.

दिग्दर्शक कोरे-एडा ते टाळत नाहीत. त्यांच्या ‘शॉपलिफ्टर्स’ने 2018 च्या कान महोत्सवात पाम दोर जिंकला. त्यात घर कोंदट आहे आणि माणसं एकमेकांना खेटून जेवतात. चौकशीच्या खोलीत साकुरा आंदोला विचारतात, मुलं तुला काय म्हणायची? ती तळव्याने डोळे पुसते, केस मागे सारते, पुन्हा पुसते. अश्रू कसे दिसतात याची तिला फिकीरच नाही. आणि आजीच्या भूमिकेतली किरिन किकी! या भूमिकेसाठी तिने तोंडातली कवळी काढून ठेवली होती. समुद्रकिनारी बाकीचे लाटांत उड्या मारताहेत, ही वाळूत बसून त्यांच्याकडे पाहते आणि ओठ हलवते. आवाज नाही. ती आभार मानते आहे. पटकथेत ते नव्हतं, दिग्दर्शकालाही ते संकलनाच्या वेळी दिसलं. कान महोत्सवानंतर चार महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये ती गेली. ते ओठ वाचायला जपानी येण्याची गरज नाही.

देवी गेल्यावर नाक्यावर अचानक शांतता झाली. त्या रात्री मी अप्पांना ‘मेमरीज ऑफ मर्डर’ दाखवला, तळातल्या ओळी बंद ठेवून. 2003 चा सिनेमा, ह्वासोंगमधल्या, तेव्हा न सुटलेल्या खुनांवरचा. सोंग कांग-हो त्यात खेड्यातला पोलीस आहे. मध्येच अप्पा म्हणाले, “हा आपल्या निळूभाऊंसारखा आहे.” मी गप्पच झाले. इतकी वर्षं मी शोधत होते तो शब्द त्यांना सहज सापडला होता. ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस, सगळं पाहून, सगळं कळून शेवटी वेड्यासारखा हसणारा. निळू फुल्यांचा तो चेहराही असाच, बसच्या रांगेत आपल्या पुढे उभा असावा तसा.

शेवटी तो पोलीस नोकरी सोडून विक्रेता झालेला असतो. बऱ्याच वर्षांनी त्या भातशेताशी थांबतो, पहिलं प्रेत सापडलं त्या नाल्यात वाकून पाहतो. एक शाळकरी मुलगी सांगते, मागे आणखी एक माणूस असाच येऊन बघून गेला. दिसायला कसा होता? साधाच, चारचौघांसारखा. एवढं मात्र मी अप्पांना मराठीत सांगितलं. मग सोंग थेट कॅमेऱ्यात पाहतो. खरा गुन्हेगार 2019 साली डीएनएवरून सापडला. तो आधीच दुसऱ्या खुनासाठी तुरुंगात होता. सिनेमा आला तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. तो कुठेतरी हा सिनेमा पाहत बसेल, आणि ही नजर त्याला भिडेल, म्हणून तो चेहरा तसा वळवलेला.

पडदा काळा झाला तरी अप्पा समोरच पाहत होते. खाली मांडव सोडायला माणसं आली होती. सुंभ कापल्याचा, बांबू रस्त्यावर टाकल्याचा आवाज येत होता.

“परत लाव,” अप्पा म्हणाले. “शेवटचं तेवढंच.”