चाकण ते लेह

माझा पुतण्या सैन्यात आहे, लेहला. तो तिकडे गेल्यापासून नकाशाचा वरचा कोपरा न्याहाळत बसायची मला सवयच लागली आहे. श्रीनगर आणि लेह, दोन्ही विमानतळ डोंगरांनी वेढलेले. सरळ रेषेत त्यांच्यात सुमारे 250 किलोमीटर. विमानाला पाऊण तास पुरतो. रस्ता मात्र 400 किलोमीटरच्या वर, द्रास-कारगिलवरून वळणं घेत जाणारा. वाटेत झोजी ला. तिथे बर्फ साचलं की खिंड बंद, आणि मग लेहच्या माणसाला आभाळाचाच आधार.

ही आभाळवाट धाडसानं मिळवलेली आहे. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरनं गावकऱ्यांना हाताशी धरून लेहला धावपट्टी तयार केली आणि 1948 च्या मे महिन्यात हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी तिच्यावर डाकोटा विमान उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते. लेहचा विमानतळ 3,200 मीटरहून उंच. हवा विरळ, दुपारी वारे सुटतात. म्हणून आजही विमानांची ये-जा बहुतेक सकाळीच उरकते.

पुतण्या सुट्टीवर निघतो तोही सकाळीच. लेहहून दिल्लीला सव्वा-दीड तास, दिल्लीहून पुण्याला दोन-सव्वादोन तास. बर्फाच्या रांगा, गंगेचं मैदान, विंध्य-सातपुडा, सगळं पायाखालून सरकत जातं. मग पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून फोन येतो, ‘काका, उतरलो.’ घरात चहाचं आधण पडतं, आणि खरं वाट पाहणं तेव्हा सुरू होतं.

लोहगाव ते आमचं चाकण सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर. ऐन वेगातल्या विमानाला दोन मिनिटंही जास्तच. पण संध्याकाळी इथल्या कारखान्यांची शिफ्ट सुटलेली असते. मोशीचा इंद्रायणी पूल ओलांडून पुढे यावं तर कंपन्यांच्या बस, कंटेनर, नव्याकोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर, बाजार समितीकडे निघालेले कांद्याचे टेम्पो, आणि दुचाकीवर डबा अडकवून घरी निघालेले कामगार. तळेगाव चौकात सगळे एकमेकांना भिडून थांबलेले. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी दाराशी येऊन रस्ता बघून जात असतं. ही एवढी ताटकळ कुठल्या उत्पादनाच्या हिशेबात धरली जाते?

पुण्याचा नवा विमानतळच एकदा इकडे, खेड-चाकणच्या बाजूला येणार होता. 2016 साली पुरंदरचं ठरलं. म्हणजे नव्या विमानतळाच्या आणि चाकणच्या मधे सबंध पुणे शहर. इकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी वाचल्या याचं मला समाधान आहे, आणि पुरंदरच्या शेतकऱ्यांची घालमेलही मला कळते. विमानतळ दारात हवा असा माझा आग्रह नाही. दारापर्यंत नीट पोहोचता यावं, एवढा मात्र आहे.

श्रीनगर-लेहच्या वाटेवर सोनमर्गचा बोगदा जानेवारी 2025 मध्ये खुला झाला. झोजी लाच्या पोटातून दुसरा खोदला जातो आहे. तिथे साक्षात हिमालय आडवा आहे, तरी माणसं वाट काढत आहेत. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत एकही घाट नाही. इथली कोंडी आपणच वाढू दिली, ती सोडवणं आपल्याच हातात आहे. पुणे-नाशिक रस्ता रुंद करा, उन्नत मार्ग कागदावरून जमिनीवर आणा, कामगारांना वेळेवर धावणाऱ्या बस द्या. ज्यांच्या कष्टावर हा औद्योगिक पट्टा उभा आहे, त्यांची संध्याकाळ त्यांना परत मिळालीच पाहिजे.